थ्रेड-स्थानिक चल
थ्रेड-स्थानिक चल : संगणकाच्या एकाच आज्ञावलीत एकाच वेळी चालणाऱ्या कार्यधारांना थ्रेड म्हणतात. ज्या चलाचे नाव सर्व थ्रेडना समान, परंतु मूल्य प्रत्येक थ्रेडपुरते स्वतंत्र असते, तो थ्रेड-स्थानिक चल होय.

सी भाषेत शेवटच्या त्रुटीचा क्रमांक ‘एर्नो’ या एकाच सामाईक चलात ठेवला जाई. अनेक थ्रेड एकदम चालू लागल्यावर एकाची त्रुटी दुसऱ्याच्या नावे जाण्याचा धोका उद्भवला. १९९५ च्या पॉझिक्स थ्रेड मानकाने थ्रेडगणिक माहिती ठेवण्याची सोय केली. जावा भाषेत ती १९९८ मध्ये १.२ या आवृत्तीत ‘थ्रेडलोकल’ या वर्गाच्या रूपाने आली. विनंती कोणत्या ग्राहकाची आहे, हे प्रत्येक फलनाला निराळे कळविण्याची गरज त्यामुळे उरली नाही व वेब सर्व्हरच्या आज्ञावलींत हा चल सर्रास वापरला जाऊ लागला.

मात्र वेब सर्व्हर प्रत्येक विनंतीसाठी नवा थ्रेड सहसा निर्माण करीत नाही, कारण ते खर्चिक असते. तो थ्रेडांचा संच बाळगतो व तेच थ्रेड फिरवून वापरतो. ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या प्रवाशांस ही व्यवस्था परिचित आहे. कल्याणहून आलेली लोकल छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला रिकामी होते आणि तीच गाडी परतीस निघते. दर फेरीनंतर ती कळव्याच्या कारशेडमध्ये जात नाही. फळीवर विसरलेली पिशवी म्हणून पुढील फेरीच्या प्रवाशांच्या हाती लागू शकते. थ्रेडमध्ये पिशवीच्या जागी आधीच्या ग्राहकाची ओळख असते, आणि पुढील ग्राहकास त्याचे खाते उघडे सापडू शकते.

पिशवी उचलण्याचे साधन, म्हणजे ‘रिमूव्ह’ ही आज्ञा, जावात २००४ च्या पाचव्या आवृत्तीत आले. विशेष म्हणजे थ्रेडसंचाची प्रमाणित सोयही त्याच आवृत्तीत मिळाली. काम यशस्वी होवो वा मध्येच त्रुटी येवो, ‘फायनली’ या खंडात चल रिकामा करावा, हा नियम तेव्हापासून रूढ आहे. तो न पाळल्यास स्मृतीही अडकून राहते. ‘टॉमकॅट’ या सर्व्हरने तर सातव्या आवृत्तीत, अनुप्रयोग थांबविल्यावर संचातील थ्रेडच बदलून टाकण्याची तजवीज केली.

मार्च २०२१ मध्ये गिटहब या संकेतस्थळाने खबरदारी म्हणून सर्व वापरकर्त्यांना बाहेर काढले. एकाचे सत्र क्वचित दुसऱ्याच्या हाती जात होते. तेथे दोष थ्रेड-स्थानिक चलाचा नव्हता. सर्व्हर एका विनंतीची वस्तू पुढील विनंतीस पुन्हा वापरीत होता व पार्श्वभूमीतील एका थ्रेडचा तिच्याशी संबंध सुटला नव्हता. दोषाची जात मात्र हीच.

जावाच्या २१ व्या आवृत्तीत (२०२३) आलेले आभासी थ्रेड इतके स्वस्त आहेत की, त्यांचा संच करू नये असेच सांगितले जाते. २५ व्या आवृत्तीत (२०२५) कायम झालेल्या व्याप्तिबद्ध मूल्यांचे बंधन ठरावीक कार्यखंड संपताच आपोआप सुटते. जुन्या आज्ञावलींत अर्थात ‘रिमूव्ह’ हाताने लिहावे लागते.