भुतांच्या मालिका, भुतांचा तपास आणि मराठवाड्याची भानामती



बीड–सोलापूर रस्त्यावरील चौसाळ्यात वाढलेल्या माझ्या पिढीने ‘आहट’ आणि ‘फिअर फाइल्स’ पांघरुणाच्या फटीतून पाहिल्या आहेत. भुते शोधणारे परदेशी कार्यक्रम मी आजही आवडीने पाहतो. कॅमेऱ्यात हिरवट दिसणारे चेहरे, हातातील ईएमएफ मीटर, ‘इथे कोणी आहे का?’ हा ठरलेला प्रश्न! वीज-जोडणी तपासणारे हे यंत्र भुतांच्या कामी कसे आले, हे विचारायचे नसते. गंमत म्हणून ते सारे उत्तमच.

हा प्रकार दूरचित्रवाणीपेक्षाही जुना आहे. १० मार्च १९३६ रोजी हॅरी प्राइसने इंग्लंडमधील केंट परगण्यातल्या एका ‘झपाटलेल्या’ घरातून बीबीसी रेडिओवर थेट प्रक्षेपण केले. भूत काही आले नाही. पुढे प्राइसच्या इतर तपासांवर बनवाबनवीचे आरोपही झाले.

परंतु याच विषयाला एक दुसरी, संथ आणि कंटाळवाणी परंपरा आहे. १८८२ साली लंडनमध्ये ‘सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च’ स्थापन झाली. केंब्रिजचे तत्त्वज्ञ हेन्री सिजविक तिचे पहिले अध्यक्ष. संस्थेने सुमारे १७,००० लोकांना भासांविषयी प्रश्न विचारून १८९४ मध्ये अहवाल काढला. त्याआधी, १८८४ च्या अखेरीस, तिने रिचर्ड हॉजसनला मद्रासजवळच्या अड्यारला धाडले होते. मादाम ब्लाव्हॅट्स्कींना अदृश्य महात्म्यांकडून पत्रे येतात, हा थिऑसॉफिस्टांचा दावा तपासायचा होता. हॉजसनने साक्षी घेतल्या, हस्ताक्षरे ताडली, खोल्यांची रचना पाहिली आणि सारा प्रकार बनावट ठरवला. मला अधिक मोलाचे वाटते ते पुढचे: शंभर वर्षांनी, १९८६ मध्ये, त्याच संस्थेच्या नियतकालिकाने हॉजसनच्या अहवालावर कठोर टीका करणारा व्हर्नन हॅरिसन यांचा लेख छापला. आपलाच निकाल पुन्हा तपासायला घेणारी भूतमालिका अजून माझ्या पाहण्यात नाही.

आता आपल्याकडे येऊ. मराठवाड्यात भुतापेक्षा जास्त दहशत भानामतीची. घरावर दगड पडतात, दोरीवरचे कपडे पेटतात, अन्नात घाण सापडते, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उमटतात. काही गावांत बायका कुत्र्यासारख्या भुंकू लागत. बीदर-गुलबर्गा आणि मेदक भागांतही हाच प्रकार आढळतो. हा सारा पट्टा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने नोंदवून ठेवावे; त्यावरून सिद्धान्त मांडण्याची घाई मात्र करू नये.

येथे प्रश्न करमणुकीचा राहत नाही. भानामती ‘होते’ म्हटले की ती ‘करणारी’ शोधली जाते, आणि संशय बहुधा एखाद्या एकट्या, गरीब बाईवर जातो. मालिका तासाभरात संपते; त्या बाईला मात्र त्याच गल्लीत राहायचे असते.

अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अशी अनेक प्रकरणे हाताळली. पद्धत साधी: घरातल्या प्रत्येकाशी स्वतंत्र बोलायचे, घटनांचा क्रम लिहायचा, प्रत्येक वेळी जवळ कोण होते ते पाहायचे. करणारी व्यक्ती बहुधा घरातलीच निघे. मन कोंडलेली, ज्याचे कोणी ऐकत नाही अशी. तिचे नाव मात्र जाहीर करायचे नाही, हा कार्यकर्त्यांचा दंडक. १९३८ साली लंडनमधील एका घरातल्या अशाच उपद्रवाचा अभ्यास करून नँडोर फोडोरनेही त्याचे मूळ गृहिणीच्या मानसिक व्यथेत असल्याचे मत मांडले होते.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर, डिसेंबर २०१३ मध्ये, जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळाने संमत केला. एखादी व्यक्ती करणी करते, भुते लावते असे भासवून तिचे जगणे मुश्कील करणे हा त्यानुसार गुन्हा आहे; शिक्षा सहा महिने ते सात वर्षे.

आपल्या आजी-आजोबांकडे भानामतीच्या हकिकती असतील तर जरूर लिहून घ्या: साल, गाव, घरात कोण कोण होते, प्रथम कोणी पाहिले, आणि सांगणाऱ्याने स्वतः पाहिले की ऐकले. जिच्यावर आळ आला तिचे नाव तेवढे लिहू नका.