पास आहे का?

नागपूरचा माणूस तिकीट काढून गाणं ऐकत नाही, असा आमच्यावर एक जुना आरोप आहे. आरोप करणारे बहुतेक पुण्याचे असतात, आणि खरं सांगायचं तर तो अगदीच खोटा नाही. कार्यक्रमाची जाहिरात आली की पुण्यात विचारतात, "तिकीट कितीला?" नागपुरात विचारतात, "पास आहे का?" पास म्हणजे कुणाच्या तरी ओळखीनं, कुणाच्या तरी भाच्याच्या मित्राकडून मिळालेला कागद. तो मिळाला की गाण्याची गोडी दुप्पट होते, हा आमच्या घरी सिद्ध झालेला नियम आहे!

हे सगळं आठवायला कारण झालं आमची भाची. २०२५ च्या जानेवारीत कोल्डप्ले नावाचा इंग्रजी बँड भारतात आला. मुंबईत तीन आणि अहमदाबादेत दोन कार्यक्रम. तिकिटं अडीच हजारांपासून पुढे, आणि तीही काही मिनिटांत संपली. भाचीनं अहमदाबादचं तिकीट मिळवलं, गाडीचं आरक्षण केलं आणि घरच्या ग्रुपवर जाहीर केलं. झालं! मोठे काका म्हणाले, "अडीच हजार? एवढ्यात आमच्या वेळी लग्नं झाली." मग प्रत्येकानं आपण कुणाकुणाला प्रत्यक्ष ऐकलं ते सांगायला सुरुवात केली. दोन दिवस नुसता पाऊस. मी ती यादी वहीत उतरवून घेतली. आजोबांपासून भाचीपर्यंत चार पिढ्या. आणि गंमत बघा, भाचीचं सोडलं तर त्या अख्ख्या यादीत तिकीट काढून ऐकलेलं गाणं जवळजवळ नाहीच.

हा कंजूषपणा म्हणावा का? मला तसं वाटत नाही. त्याला इतिहास आहे, आणि तो ऐकण्यासारखा आहे.

नागपुरात गाण्याचे पैसे पूर्वीपासून ऐकणाऱ्यानं दिलेच नाहीत. ते यजमानानं दिले. भोसल्यांच्या राज्यापासूनची ही रीत. महालातला हडपक्या गणपती घ्या. खंडोजी ऊर्फ चिमणाबापू भोसले बंगालच्या स्वारीवरून परतले तेव्हा घरच्या गणपतीचं विसर्जन होऊन गेलं होतं, म्हणून पितृपक्षात पुन्हा गणपती बसवला, ते साल १७८७, असं भोसल्यांकडे सांगतात. त्या गणपतीपुढे लावण्या, खडी गंमत, नकला. खर्च राजाचा, करमणूक गावाची. राज्य गेलं तरी रीत राहिली. राजाच्या जागी मालगुजार आले. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्या मध्यप्रांतात गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणाऱ्या मालकाला मालगुजार म्हणत. कुणाची पाच गावं, कुणाची पन्नास. बड्या मालगुजारांचे नागपुरात वाडे, आणि वाड्यावर बैठका.

त्यात रेल्वेची भर. १८६७ साली मुंबईची गाडी नागपुरापर्यंत आली आणि पुढे रूळ कलकत्त्याला जोडले गेले. दिल्ली-मद्रास मार्गही इथूनच. म्हणजे देशाच्या या टोकाहून त्या टोकाला जाणाऱ्या कलावंताच्या वाटेत नागपूर पडायचंच. उतरला की मुक्काम वाड्यावर, गाणं दिवाणखान्यात, निघताना बिदागी. आमची पणजी अशा बैठका माडीवरच्या चिकाच्या पडद्याआडून ऐकायची. गाणाऱ्याचा चेहरा तिनं कधी पाहिला नाही, पण बुवा कोणत्या जागेला खाकरले हेसुद्धा तिला म्हणे शेवटपर्यंत आठवत होतं. या बैठकीला तिकीट नव्हतं, पण निमंत्रण होतं. ज्याला निमंत्रण नाही तो रस्त्यावर. (आमचा पास म्हणजे या निमंत्रणाचाच नातू, हे आता लक्षात आलं असेलच.)

बाकीच्या महाराष्ट्रात मात्र वारं बदलत होतं. संगीत नाटक कंपन्या तिकीट लावून गावोगाव फिरत होत्या. विष्णु दिगंबर पलुस्करांनी तर सौराष्ट्रात तिकीट लावून जाहीर मैफल केली, असं त्यांच्या चरित्रांत सांगतात. दाराशी पैसे देईल तो आत, मग तो कोण कुठला का असेना, ही कल्पना त्या काळी केवढी धीट! नाटक कंपन्या नागपूर-वऱ्हाडातही येत. पण निव्वळ गाण्याला पैसे मोजायचे ही सवय इथे रुजायच्या आतच तीन गोष्टी लागोपाठ घडल्या.

१९४८ च्या जुलैत नागपूरला आकाशवाणी केंद्र सुरू झालं. १९५१ साली मालगुजारी कायद्यानं संपली. (ती संपायलाच हवी होती, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण दिवाणखान्यातल्या बैठकाही तिच्याबरोबर गेल्या.) आणि १९५६ साली नागपूर राजधानी राहिलं नाही. मंत्री, अधिकारी, त्यांच्याभोवतीचा राबता, सगळं भोपाळला आणि मुंबईला. आठ वर्षांत जुना यजमान गेला आणि नवा आला तो सरकार! याच सुमारास, १९५३ साली, पुण्यात सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ महोत्सव सुरू झाला. तो रसिकांच्या खिशावर वाढला आणि आजही तिकीट लावून चालतो. आमच्याकडचे दर्दी डिसेंबरात सुट्ट्या टाकून तिथे जातात, भारतीय बैठकीचं तिकीट काढतात, थंडीत कुडकुडतात आणि परत आल्यावर महिनाभर सांगत बसतात. नागपूरकर तिकीट काढतो हो, फक्त परगावी!

वसंतराव देशपांड्यांचं उदाहरण मला या बाबतीत फार बोलकं वाटतं. जन्म १९२० चा, मूर्तिजापूरचा, पण लहानपण नागपुरात गेलं. आईनं एकटीनं वाढवलं. शंकरराव सप्र्यांकडे गाण्याचे पहिले धडे इथेच घेतले. पंधराव्या वर्षी भालजी पेंढारकरांच्या 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण झाले. असा गळा, अशी तयारी, आणि पोट भरायला काय केलं? पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी! एकदोन नव्हे, वीसहून जास्त वर्षं. पूर्णवेळ गवई व्हायला त्यांना पंचेचाळिशी गाठावी लागली. मग १९६७ साली 'कट्यार काळजात घुसली' आलं आणि खाँसाहेब म्हणून ते घराघरांत पोचले. 'कट्यार' लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकरही नागपूरचेच, इथल्या रंजन कला मंदिराचे. नाटक मात्र उभं राहिलं मुंबईच्या नाट्यसंपदेकडून. एक गायक, एक नाटककार, दोघेही आमचे, आणि दोघांचा सगळ्यात मोठा प्रयोग आमच्या गावाबाहेर.

आज सिव्हिल लाइन्समध्ये आमदार निवासाजवळ डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह आहे. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र त्यांच्या स्मृतीत दरवर्षी संगीत समारोह करतं. देशातले मोठमोठे कलावंत येतात. गाणं उत्तम होतं, आणि प्रवेश विनामूल्य! मी स्वतः कित्येक वर्षं जातेय, तेव्हा तक्रार कुठल्या तोंडानं करू? पण पोटासाठी वीस वर्षं हिशेब लिहिलेल्या माणसाचं स्मरण आपण एक पैसा न देता करतो, हे कधीकधी मनाला लागतं खरं.

आता यादीची दुसरी बाजू. आजोबांनी सांगितलेलं सगळ्यात मोठं गाणं कुठल्या सभागृहातलं नाही. ते तुकडोजी महाराजांचं खंजिरी भजन. काटोलकडच्या आमच्या गावाहून बैलगाडी जोडून मंडळी निघायची. हजारो माणसं जमिनीवर बसलेली, आणि खंजिरीचा पहिला ठोका पडला की लहान पोरसुद्धा गप्प. भजनातून स्वच्छता, व्यसनमुक्ती, स्वातंत्र्य. १९४२ च्या चळवळीत त्यासाठी महाराजांनी नागपूर आणि रायपूरचा तुरुंग पाहिला. आजोबांच्या मते एवढी शिस्त त्यांनी पुढे कुठल्याही मैफलीत पाहिली नाही.

आणि माझ्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीची यादी मी मुद्दाम विचारून घेतली. ती उत्तर नागपुरात वाढली. तिच्या लहानपणीच्या मैफली म्हणजे चौदा एप्रिलच्या आसपासच्या रात्री. वस्तीच्या चौकात मांडव, रात्री दहाला सुरू झालेली भीमगीतं आणि कव्वाल्या पहाटेपर्यंत. वामनदादा कर्डकांची गाणी तिच्या आईला शेकड्यानं पाठ. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर धर्मांतराचा सोहळा झाला, तेव्हापासून दरवर्षी लाखो माणसं नागपुरात येतात. तिथे पुस्तकांच्या शेजारी कॅसेटचे आणि पुढे सीडीचे ठेले लागत. पाहुणे परतताना कॅसेट घेऊन जात आणि नागपूरचा आवाज मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या गावांत पोचायचा. "आम्ही सवाईला नाही गेलो कधी," ती म्हणाली, "आमच्याकडे सवाई घरासमोर यायची."

पैशांचं विचारलं, तर तिनं जे सांगितलं ते ऐकून मी चाटच पडले. त्या कार्यक्रमाला तिकीट नाही, पण वर्गणी आहे. घरटी पाच रुपये, दहा रुपये, रिक्षावाल्याकडून, गिरणीतल्या कामगाराकडून. गायकाची बिदागी आधी ठरलेली. शिवाय एखादं कडवं आवडलं की ऐकणारा उठून स्टेजपाशी जाणार, नोट ठेवणार आणि माईकवरून नाव पुकारलं जाणार, "अमक्या बाईंकडून अकरा रुपये!" आता सांगा, फुकटे कोण? 'नागपुरात रसिक नाहीत' असं आपण म्हणतो, तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे फक्त धरमपेठ आणि रामदासपेठ असते, असं माझं मत झालंय. ज्यांच्याकडे कमी होतं त्यांनी गाणाऱ्याला दिलं. आपण शाल दिली.

शालीवरून आमची आत्या. आत्या सुगम संगीत गायची, नागपूर आकाशवाणीची ऑडिशन पास झालेली. आता त्र्याऐंशी वर्षांची आहे. तिच्या पत्र्याच्या पेटीत आकाशवाणीची करारपत्रं अजून आहेत, वर तारीख, वेळ, किती मिनिटं गायचं आणि मानधन किती, सगळं टाईप केलेलं. रक्कम लहानच, पण दर वेळी चेक यायचा. सत्तरच्या दशकात एका उत्सवमंडळानं (नाव नको) तिला बोलावलं. तीन तास गाऊन घेतलं. वन्समोअर दोन. शेवटी शाल, श्रीफळ आणि अध्यक्षांचं भाषण. तबलजींचे पैसे आत्यानं स्वतःच्या पर्समधून दिले. काकांना कळू नये म्हणून घरखर्चातून थोडेथोडे करून भरून काढले, हे तिनं मला या यादीच्या निमित्तानं पहिल्यांदाच सांगितलं. एकूण किती शाली झाल्या आत्या, विचारलं तर म्हणाली, "एकवीस. चार मोलकरणीच्या मुलींना दिल्या. पण कुणी विचारलं नाही गं कधी, की बाई, तुमची बिदागी किती?" पुढे तिनं बाहेर गाणं हळूहळू बंद केलं. आम्ही समजत होतो, संसारामुळे.

मधल्या काळात जागाही बदलल्या. झाशी राणी चौकातलं धनवटे रंगमंदिर, जिथे काकांच्या पिढीनं नाटकं पाहिली, ते पाडलं गेलं. २०१७ साली रेशीमबागेत सुमारे दोन हजार खुर्च्यांचं कविवर्य सुरेश भट सभागृह उभं राहिलं. आपल्या गझला स्वतः चालीत गाऊन रात्र जागवणाऱ्या भटांचं नाव त्याला दिलं, हे फार चांगलं झालं. त्याच वर्षीपासून खासदार सांस्कृतिक महोत्सव भरू लागला. मैदानावर सिनेमातले मोठे गायक, हजारोंची गर्दी, आणि पुन्हा पास! तिथे ऑटोवाला आणि डॉक्टर शेजारीशेजारी बसतात, हे मला आवडतं. ज्या घरातून कुणी कधी मैफलीला गेलं नव्हतं ती घरं येतात. म्हणून 'सगळं तिकीट लावून करा' असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मोठ्या कलावंताचे पैसे सरकार देईल, प्रायोजक देईल. प्रश्न आपल्या गल्लीतल्या गाणाऱ्याचा आहे. त्याला कोण देणार?

भाची अहमदाबादहून आली. लाखावर माणसं, मनगटावर लुकलुकणारे दिवे, सगळं सांगून झालं. (२६ जानेवारीचा कार्यक्रम नेटवर थेट दाखवला, तो काकांनी घरी बसून पाहिला आणि 'आवाज बरा आहे' असा शेरा दिला.) मी तिला आत्याची एकवीस शालींची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मावशी, इथे कुणाचं गाणं आहे का या महिन्यात? तिकीटवालं?"

शोधलं तर होतं. लक्ष्मीनगरात एकांच्या हॉलमध्ये बैठक, चाळीस खुर्च्या आणि खाली सतरंजी, गाणारी मुलगी इथलीच, एमए संगीत करतेय. तिकीट तीनशे रुपये. आम्ही तीन काढली. फोनवर पैसे पाठवताना आयोजक गृहस्थ संकोचून म्हणाले, "ताई, तुम्ही तर ओळखीच्या, पास दिला असता की!" आत्यानं माझ्या हातातून फोन घेतला आणि त्यांना विचारलं, "तबल्याला कोण आहे? त्याला किती देताय?"