पाणलाव्यासाठी घडलेली बंदूक

एक पौंड शिसं वितळवून सारख्या वजनाच्या बारा गोळ्या ओतल्या, तर त्यांतली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती नळी बारा बोरची. गोळी भरते अडतीस ग्रॅमच्या आसपास, नळीचा व्यास साडेअठरा मिलिमीटर. पौंडात सोळा गोळ्या ओतल्या तर प्रत्येक गोळी लहान, म्हणून सोळा बोरची नळी अरुंद, आणि वीस बोरची त्याहून अरुंद. रायगडच्या किनाऱ्यावर ज्या घरात परवान्याची बंदूक आहे, तिथे ती बहुधा बाराबोर असते, नाहीतर ठासणीची. आज तिचं काम रानडुकरांपासून शेत राखण्याचं. पण बाराबोर जन्मली ती या कामासाठी नव्हे. तिचं वजन, तिच्या दोन नळ्यांतला फरक, तिच्यातले छर्रे, हे सगळं पाणथळीतल्या पक्ष्यांनी ठरवलं आहे.

हे पक्षी रायगडला नवे नाहीत. गणपती-गौरींच्या आगेमागे, भात अजून हिरवं असताना, उत्तरेकडून पहिले पाहुणे उतरू लागतात. बदकांत सगळ्यांच्या आधी येणाऱ्यांपैकी एक म्हणजे डोळ्यावर पांढरी पट्टी मिरवणारं भुवई बदक. त्याच सुमारास शेपटीच्या कडेची पिसं टाचणीइतकी बारीक असलेला पाणलावा येतो. त्याचा भाऊबंद, साधा पाणलावा, थोडा मागाहून, कापणीच्या दिवसांत. तोवर थापटे, चक्रांग आणि तलवार बदकंही पोचलेली असतात. अडई आणि हळदी-कुंकू बदक तर इथलेच रहिवासी.

त्यांना इथे आणते ती माणसाने घडवलेली जमीन. उरण, पेण, अलिबागच्या खाड्यांलगत पिढ्यान्‌पिढ्या मातीचे बांध घालून भरतीचं पाणी अडवलं गेलं, पावसाचं पाणी खाडीत सोडायला बांधात उघाड्या ठेवल्या गेल्या, आणि आत भात पिकू लागलं. काही ठिकाणी मिठागरं उभी राहिली. पाऊस संपला तरी खारजमिनीतला चिखल आठवडेच्या आठवडे मऊ राहतो. पाणलाव्याची चोच सहा-सात सेंटिमीटर लांब, टोकाला संवेदनशील आणि लवचिक. चिखलात खुपसून तो न बघता गांडूळ-अळ्या टिपतो. इतकी सोयीची जमीन त्याला सहज मिळत नाही.

बंदुकीआधीही या पक्ष्यांची शिकार होतीच. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराने १२व्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला, त्यात राजाच्या करमणुकींमध्ये ससाण्यांकरवी पक्षी धरण्याच्या खेळाला स्वतंत्र जागा आहे. राजाचा ससाणा, तर कातकऱ्याचा फास, जाळं नि बेचकी. भारतात अनेक ठिकाणी शिकारी शिकवलेल्या बैलाच्या आडोशाने बदकांच्या थव्याजवळ सरकत. कुठे तळ्यात मडकी तरंगत सोडायची, बदकं त्यांना सरावली की एक मडकं डोक्यावर पालथं घालून पाण्यातून हळूहळू जायचं आणि बदकाचे पाय धरून खाली ओढायचं. ससाणा सोडला तर या सगळ्या युक्त्यांत एक गोष्ट समान होती: पक्षी बसलेला असला पाहिजे.

बारुदाचा आवाज या किनाऱ्याने फार लवकर ऐकला. १५०८ साली चौलच्या समुद्रात इजिप्तच्या सुलतानाचं आरमार आणि पोर्तुगीज यांची लढाई झाली, तीत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. पुढे १५७०-७१ मध्ये निजामशाही फौजेने चौलला वेढा घातला. हातात धरायच्या बंदुका पोर्तुगिजांबरोबर या किनाऱ्यावर आल्या त्या जामगीच्या. जळती वात बारुदाला टेकवून बार काढायचा, म्हणजे वात सतत पेटती ठेवायची. किल्ल्याच्या तटावर हे जमतं, गुडघाभर चिखलात जमत नाही. उडत्या पक्ष्याचा तर विचारच नको.

युरोपातही उडता पक्षी टिपणं रूढ झालं ते १७व्या शतकात, चकमकीच्या बंदुकीनंतर. तरीही एक खोड राहिलीच होती. घोडा पडला की चकमकीची ठिणगी आधी बाहेरच्या बशीतल्या बारुदाला लागे, भपका उडे, आणि मग आतला बार सुटे. बदकांना तेवढा क्षण पुरत असे.

इथे रेव्हरंड अलेक्झांडर फोर्साइथ यांच्यापाशी थांबायलाच हवं, कारण या बंदुकीचा खरा मूळपुरुष तेच. स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनजवळच्या बेलहेल्वी गावचे हे पाद्री. समुद्रकाठी बदकांवर बार टाकायची त्यांना आवड. त्यांच्या लक्षात आलं की बशीतला भपका दिसला की बदकं उडतात किंवा बुडी मारतात, आणि छर्रे पोचेपर्यंत जागा रिकामी असते. या त्रासातून त्यांनी नुसत्या ठोक्याने पेट घेणाऱ्या स्फोटक क्षारांवर प्रयोग सुरू केले. १८०६ मध्ये लंडनच्या टॉवरमध्ये त्यांना कामाला जागा मिळाली ती तोफखान्याचे प्रमुख लॉर्ड मॉयरा यांच्यामुळे. मॉयरा पायउतार झाले, नव्या प्रमुखाने फोर्साइथना बाहेर काढलं, आणि १८०७ मध्ये त्यांनी स्वतःच्या नावे पेटंट घेतलं. बाहेर ठिणगी नाही, भपका नाही. घोडा पडताक्षणी आतला बार सुटतो. हेच लॉर्ड मॉयरा पुढे भारताचे गव्हर्नर जनरल झाले आणि १८१८ मध्ये पेशवाई संपली ती त्यांच्याच कारकिर्दीत. महाराष्ट्राच्या इतिहासात त्यांचं नाव येतं ते त्या संदर्भात. बदकांच्या मागे लागलेल्या पाद्र्याला आसरा देणारे म्हणूनही ते लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

फोर्साइथच्या कल्पनेतून १८२०च्या सुमारास तांब्याची टोपी आली. नळीच्या बुडाशी असलेल्या बारीक बोंडीवर ती बसवायची, घोडा तिच्यावर आपटला की बार. कोकणातली ठासणीची बंदूक याच घराण्यातली. जगभर ती संग्रहालयात गेली, कोकणात ती परवान्यावर टिकून राहिली.

तरी चिखलातल्या शिकाऱ्याची अडचण अर्धीच सुटली होती. पाणलावा पायाखालून उठतो, कर्कश ओरडतो आणि नागमोडी उडत निघून जातो. तो गेल्यावर ठासणीवाल्याने काय करायचं? बंदूक उभी धरायची, बारूद ओतायची, बोळा ठासायचा, छर्रे ओतायचे, पुन्हा बोळा, गजाने दाबायचं, टोपी बसवायची. तोवर आणखी चार पाणलावे उठून गेलेले. मागून उघडणारी, तयार काडतूस घेणारी बंदूक कासिमिर लफोशो या फ्रेंच कारागिराने १८३०च्या दशकात घडवली. १८५१च्या लंडनच्या प्रदर्शनात ती मांडली गेली आणि इंग्रज कारागिरांनी ती उचलली. त्यानंतर पंचवीस वर्षांत बाराबोरचं आजचं रूप पुरं झालं. मध्यावर टोपी असलेलं काडतूस आलं. १८७४ मध्ये बर्मिंगहॅमच्या डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनरने ‘चोक’ नावारूपाला आणला. १८७५ मध्ये वेस्टली रिचर्ड्स कारखान्यातल्या ॲन्सन आणि डीली यांनी घोडे आत दडवले.

चोक म्हणजे नळीचं तोंड जरासं आवळणं, फार तर एक मिलिमीटर. तेवढ्याने छर्रे दूरवर एकत्र राहतात. म्हणून जोडनळीत उजवी नळी सहसा मोकळी आणि डावी आवळलेली. पहिला बार जवळ उठलेल्या पक्ष्यावर, दुसरा लांब गेलेल्यावर. छर्ऱ्यांचेही आकडे ठरले. इंग्रजी मापाने आठ नंबरचे छर्रे एका औंसात ४५०, ते पाणलाव्यासाठी. सहा नंबरचे २७०, चार नंबरचे १७०, ते बदकांसाठी. औंसभर छर्रे, तीन किलोच्या आसपास वजन, दिवसभर चिखल तुडवूनही खांद्याला झेपणारी आणि पटकन वळणारी बंदूक. या हत्यारात पाणलाव्याच्या उड्डाणाचं माप उतरलं आहे, असं म्हटलं तर ते अतिशयोक्त होणार नाही.

ही बंदूक रायगडात आली ती सरकारी नोकरीच्या वाटेने. १८४० मध्ये आंग्रे संस्थान खालसा झालं आणि आजच्या रायगडातला कुलाबा इंग्रजांकडे गेला. मीठ आणि जकात खात्याचे अधिकारी मिठागरांवर नेमले जाऊ लागले. उरणला काम केलेल्यांपैकी एक एडवर्ड हॅमिल्टन एटकेन, ‘ईएचए’ या नावाने लिहिणारे. जन्म साताऱ्याचा, १८५१चा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी लॅटिन शिकवलं होतं. मुंबईच्या पक्ष्यांवर त्यांनी जे प्रेमाने लिहिलं त्यामागे मिठागरं नि खाड्या तुडवण्याची वर्षं आहेत.

शिकारीची रीतही ठरून गेली. पाणलावा वाऱ्याच्या दिशेने तोंड करून उठतो, म्हणून शिकाऱ्याने वारा पाठीवर घेऊन चालायचं. ऊन चढल्यावर जायचं, कारण तेव्हा पक्षी घट्ट बसून राहतो आणि जवळून उठतो. माणसांची रांग खाचरांतून सावकाश पुढे सरकायची. भरतपूरच्या तळ्यावर १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पाडले गेले, तो आकडा तिथल्या दगडावर कोरलेला आहे. अशा कत्तलीला शिकार म्हणणं हा शिकारीचाच अपमान. कोकणात अशी तळी नव्हती. इथे एकेका पक्ष्यामागे चिखल तुडवावा लागे.

मात्र ही चैन मोजक्यांची होती. १८७८च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगता येईना, युरोपियनांना मात्र सूट. काडतुसाची विलायती जोडनळी साहेबाकडे, संस्थानिकाकडे किंवा बड्या जमीनदाराकडे. जंजिऱ्याच्या नवाबांनी मुरूडजवळचं फणसाडचं रान शिकारीसाठी राखून ठेवलं होतं. शेतकऱ्याच्या वाट्याला आली ती ठासणीची. ही विभागणी स्वतंत्र भारताच्या १९५९च्या कायद्यातही उमटली: पीकरक्षणासाठीच्या परवान्याच्या कलमात शब्द आहेत ते ठासणीच्या बंदुकीचे.

याच बंदुकीतून पक्ष्यांचं शास्त्रही उभं राहिलं. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम काँग्रेसचे संस्थापक म्हणून माहीत असतात. त्याआधी, १८७९ ते १८८१ मध्ये, त्यांनी मार्शल यांच्यासह भारतातल्या शिकारी पक्ष्यांवर तीन खंड काढले. टाचणी-शेपटीचा पाणलावा आणि साधा पाणलावा ओळखायचा तर हातात घेऊन शेपटीची पिसं मोजायची, आणि त्यासाठी आधी तो पाडायचा, असा तो काळ. १८८३ मध्ये आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापली, त्यांत ईएचए होते, तसेच डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. स्ट्युअर्ट बेकर यांची भारतीय बदकांवरची लेखमाला याच सोसायटीच्या नियतकालिकात आली आणि १९०८ मध्ये तिचं पुस्तक झालं.

त्याच १९०८ साली मुंबईत एका शाळकरी मुलाने छर्ऱ्याच्या खेळण्यातल्या बंदुकीने पिवळ्या गळ्याची रानचिमणी पाडली. ती कोणती, हे विचारायला शिकारीचे शौकीन मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्याला सोसायटीत पाठवलं. तो मुलगा म्हणजे सालिम अली. १९३० मध्ये हातात नोकरी नसताना ते अलिबागजवळच्या किहीमला राहिले आणि तिथे सुगरणींच्या वसाहतीचं निरीक्षण केलं. त्या कामाने त्यांचं नाव जगभर गेलं. त्यासाठी एकही बार काढावा लागला नव्हता.

त्यांचे नातलग हुमायून अब्दुलअली हेही पट्टीचे शिकारी आणि पक्षितज्ज्ञ. मुंबई राज्याचा १९५१चा वन्य प्राणी व पक्षी संरक्षण कायदा घडवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १८८७ आणि १९१२चे जुने कायदे तोकडे होते. विणीच्या काळात अभय, शिकारीला परवाना, हे तत्त्व १९५१च्या कायद्याने नीट बांधलं. पक्षी कधी अंडी घालतो आणि किती पाडले तर तो पुन्हा भरून येतो, हे ज्यांना ठाऊक होतं त्यांनीच बंधनं घातली, आणि हे श्रेय शिकाऱ्यांना द्यायलाच हवं. १९६८ मध्ये पनवेल तालुक्यातलं कर्नाळा पक्षी अभयारण्य झालं, १९८६ मध्ये नवाबांचं फणसाड. १९७२च्या वन्यजीव कायद्यात परवान्याने लहानसहान शिकारीला वाव होता; १९९१च्या दुरुस्तीने तोही संपला. योगायोगाने त्याच वर्षी अमेरिकेत पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे वापरायला देशभर बंदी आली. चिखलात पडलेले छर्रे खडे समजून बदकं गिळतात आणि शिसं अंगात भिनून मरतात. म्हणजे नेम चुकलेला बारही पक्षी मारतच होता.

शिकारबंदी योग्यच होती. आज उरणच्या पाणथळी भरावाखाली जात असताना तर ती अधिकच योग्य वाटते. पण बंदुका मागे राहिल्या आणि त्यांच्याकडून आता भलतंच काम घेतलं जातं. १८७५ ते १८८७ या काळात इंग्लंडच्या बंदुका तपासणाऱ्या परीक्षाघरांतून चोकच्या नळ्या बाहेर पडल्या, त्यांवर इंग्रजीत ठसा असे: ‘गोळीसाठी नाही’. आवळलेल्या तोंडातून एकसंध गोळी गेली तर नळी फाटू शकते. शिवाय जुन्या नळ्या काळ्या बारुदाच्या दाबासाठी तपासलेल्या, त्यांचे कोठे आजच्या ७० मिलिमीटर काडतुसापेक्षा आखूड, आणि काही तर लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेल्या, दमास्कस म्हणतात तशा. ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांची बाराबोर परवान्यावर चालत आली आहे, त्यांनी ती डुकरावर रोखण्याआधी परवानाधारक कारागिराकडून नळीच्या बुडाचे ठसे वाचून घ्यावेत, त्यांची छायाचित्रं काढून ठेवावीत, आणि ‘नाइट्रो’चा, म्हणजे आजच्या बिनधुराच्या बारुदासाठी तपासल्याचा, ठसा नसेल तर तिच्यात आजचं काडतूस घालू नये.