लाँग राईडसाठी ॲडव्हेंचर बाईक घेताय? सीसी नंतर बघा, आधी स्वतःची उंची मोजा

गोव्याला बाईकने जायचा प्लॅन व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरतो, तेव्हा सगळ्यांचा उत्साह सारखाच असतो. पुण्यातून पहाटे निघायचं, कोल्हापूर-आंबोलीमार्गे पणजी गाठायची. अंतर साधारण साडेचारशे किलोमीटर. पहिले शंभर किलोमीटर मजेत जातात. साताऱ्याच्या पुढे कुणीतरी सीटवर पुढेमागे सरकायला लागतं. कोल्हापूरला चहासाठी थांबल्यावर एक जण हात झटकत असतो, कारण बोटांना मुंग्या आलेल्या असतात. आणि आंबोलीच्या धुक्यात, जिथे खरी मजा यायला हवी, तिथे अर्धा ग्रुप "कधी एकदा पोहोचतोय" एवढाच विचार करत असतो.

त्या हात झटकणाऱ्यांपैकी एक मी होते. बाईक चांगली होती, पण माझ्यासाठी नव्हती. हा फरक कळायला मला एक अख्खी ट्रिप लागली.

हा फक्त अंगदुखीचा प्रश्न नाही. दमलेल्या माणसाचं लक्ष उडतं, त्याचा ब्रेक उशिरा लागतो आणि वळणाचा अंदाज चुकतो. त्यामुळे लांबच्या प्रवासात बाईकचा आराम हा चैनीचा नाही, सुरक्षिततेचा भाग आहे. शिवाय चुकीची बाईक घेतली तर दोन-तीन लाख रुपये आणि त्यावरचे हप्ते अंगावर बसतात ते वेगळंच. म्हणून शोरूमला जाण्याआधी काय काय बघायचं, ते समजून घेऊ.

ॲडव्हेंचर टूरर म्हणजे नक्की काय?

डांबरी रस्त्यावर दिवसभर चालेल आणि रस्ता संपला तरी अडणार नाही, अशी बाईक. या प्रकाराची सुरुवात साधारणपणे १९८० साली आलेल्या बीएमडब्ल्यूच्या आर ८० जी/एस या बाईकपासून मानली जाते. त्या नावातली अक्षरं जर्मन भाषेतल्या 'खडबडीत जमीन' आणि 'रस्ता' या शब्दांची आहेत. २००४ मध्ये अभिनेता इवान मॅकग्रेगर आणि त्याचा मित्र चार्ली बूरमन यांनी लंडन ते न्यूयॉर्क हा प्रवास बीएमडब्ल्यूच्याच बाईकवरून केला. त्यावरच्या 'लाँग वे राऊंड' या मालिकेने या बाईक जगभर लोकप्रिय केल्या.

भारतात हिरोने २०११ मध्ये १५० सीसीची इम्पल्स आणून प्रयत्न केला होता, पण तो फार चालला नाही. खरं चित्र पालटलं २०१६ मध्ये, रॉयल एन्फिल्डच्या हिमालयनमुळे. ४११ सीसीची ती बाईक वेगवान नव्हती, पण लडाखला जाणाऱ्यांना हवी तशी होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिच्या जागी ४५२ सीसीची नवी हिमालयन आली. आज हिरो एक्सपल्स, सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स, केटीएम ३९० ॲडव्हेंचर, होंडा एनएक्स ५०० असे बरेच पर्याय बाजारात आहेत. त्यामुळे गोंधळही वाढला आहे.

बसण्याची ठेवण: सगळा खेळ तीन जागांचा

सीट, हँडल आणि फूटरेस्ट. शरीर बाईकला या तीनच ठिकाणी टेकतं. तिघांमधलं अंतर तुमच्या अंगाला जुळलं तर पाचशे किलोमीटर जातात, नाही जुळलं तर शंभरही जड होतात.

स्पोर्ट्स बाईकवर आपण पुढे झुकतो आणि वजन मनगटांवर येतं. क्रूझरवर पाय पुढे जातात आणि खड्ड्याचा सगळा दणका सरळ मणक्यात बसतो. ॲडव्हेंचर बाईकवर पाठ जवळजवळ ताठ असते, हँडल रुंद आणि वर असतं, फूटरेस्ट साधारण सीटच्या खाली असतात. त्यामुळे खड्डा आला की फूटरेस्टवर उभं राहून तो पायांवर झेलता येतो. लांबच्या प्रवासात ही फार मोठी सोय आहे.

पण उभं राहिल्यावर हँडल फार खाली वाटत असेल, म्हणजे कंबरेत वाकावं लागत असेल, तर हँडलखाली रायझर लावता येतात. यासाठी लागणारा खर्च बाईक बदलण्यापेक्षा कितीतरी कमी असतो.

सीटची उंची आणि वजन: आपल्याकडचा खरा प्रश्न

स्प्लेंडरच्या सीटची उंची ७८५ मिमी आणि वजन ११२ किलोच्या आसपास. बहुतेकांचा हात अशाच बाईकवर बसलेला असतो. आता हे आकडे बघा:

- हिरो एक्सपल्स २०० ४व्ही: सीट ८२५ मिमी, वजन साधारण १६० किलो
- सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स: सीट ८३५ मिमी, वजन १६७ किलो
- रॉयल एन्फिल्ड हिमालयन ४५०: सीट ८२५ मिमी (८४५ पर्यंत वाढवता येते), वजन १९६ किलो
- होंडा एनएक्स ५००: सीट ८३० मिमी, वजन १९६ किलो

उंची पाच फूट चार इंच असेल तर यातल्या बऱ्याच बाईकवर दोन्ही टाचा जमिनीला टेकणार नाहीत. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. एक पाय पूर्ण टेकला किंवा दोन्ही पायांचे चवडे नीट टेकले तरी चालतं. पण चढावर, वाळूत किंवा ट्रॅफिकमध्ये थांबताना १९६ किलो तोलायचे आहेत, वर सामानाचं वजन आहे, हे लक्षात ठेवा.

केवळ सीटच्या उंचीचा आकडाही फसवा असतो. सीट पुढच्या बाजूला निमुळती असेल तर पाय सरळ खाली जातात, रुंद असेल तर फाकतात. त्यामुळे ८३५ मिमीची अरुंद सीट ८२० च्या रुंद सीटपेक्षा सोपी वाटू शकते. काही कंपन्या कमी उंचीची सीट वेगळी विकतात, तिची चौकशी करा. सस्पेन्शन खाली करून घेण्याचा उपाय मात्र शेवटचा ठेवा. त्याने ग्राउंड क्लिअरन्स कमी होतो आणि बाईकचं वळणही बिघडतं.

एक साधी चाचणी: बाईक बंद ठेवून, शेजारी उभं राहून ती दहा पावलं मागे ढकलून बघा. पार्किंगमध्ये हे जमत नसेल, तर घाटातल्या चिखलात अजिबात जमणार नाही.

मऊ सीट म्हणजे आरामदायी सीट नाही

शोरूममध्ये सीट दाबून "मस्त गुबगुबीत आहे" म्हणणं ही सगळ्यात कॉमन चूक. मऊ फोम पहिला अर्धा तास छान वाटतो. मग तो दबतो आणि बुडाची हाडं थेट खालच्या कडक भागावर टेकतात. किंचित टणक पण रुंद आणि सपाट सीट वजन सगळीकडे वाटून देते, म्हणून ती चार तासांनंतरही सुसह्य राहते. सीट पुढे उतरती असेल तर प्रत्येक ब्रेकला तुम्ही टाकीवर घसरता, हेही बघून घ्या.

मागे बसणाऱ्या व्यक्तीला शोरूमला सोबत न्या. ट्रिप दोघांची असते आणि टेस्ट राईड मात्र एकट्याची होते. मागच्या सीटची लांबी, पकडायचं हँडल, गुडघे किती दुमडतात, हे मागे बसणाऱ्यालाच कळतं.

वारा: न दिसणारा थकवा

ताशी ८० च्या पुढे छातीवर येणारा वारा सतत ढकलत असतो आणि त्याला तोंड देताना मान, खांदे आखडतात. इथे विंडस्क्रीन कामी येते. पण उंच स्क्रीन नेहमी चांगली असं नाही. स्क्रीनच्या वरच्या कडेवरून सुटलेला गढूळ वारा नेमका हेल्मेटवर आदळला, तर डोकं गदगदतं आणि आवाज वाढतो. अशा वेळी थोडी बुटकी स्क्रीन जास्त शांत ठरते. तुमच्या उंचीला काय जुळतं, ते चालवूनच कळतं. साधे इअरप्लगही संध्याकाळचा थकवा बराच कमी करतात, मात्र हॉर्न ऐकू येईल असेच निवडा.

इंजिन किती मोठं हवं?

आता महाराष्ट्रातलं वास्तव बघू. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे. समृद्धी महामार्गावर आणि अटल सेतूवरही बंदी आहे. चौपदरी महामार्गावर दुचाकीसाठी केंद्राने ठरवलेली कमाल वेगमर्यादा ताशी ८० किमी आहे. मग ताशी १५० च्या टॉप स्पीडचं करायचं काय?

विचारायचा प्रश्न वेगळा आहे: ताशी ८० ला इंजिन किती शांत असतं? लहान इंजिन त्या वेगाला ताणलेलं असतं. कंपनं हँडल आणि फूटरेस्टमधून अंगात येतात. बोटांना मुंग्या येण्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं. मोठ्या इंजिनाला तोच वेग सहज झेपतो आणि ओव्हरटेकसाठी ताकद शिल्लक राहते. एनएक्स ५०० सारखं दोन सिलिंडरचं इंजिन यात सगळ्यात गुळगुळीत.

मागे माणूस, सोबत सामान आणि समोर घाट असेल तर टॉर्क महत्त्वाचा. एक्सपल्स २०० कोकणातल्या आतल्या रस्त्यांवर हलकी आणि मजेची आहे, पण डबलसीट महामार्गावर तिचा दम लागतो. व्ही-स्ट्रॉम एसएक्सचे २६.५ पीएस एकट्यासाठी पुरेसे आहेत. हिमालयनचे ४० पीएस दोघांना सामानासकट नेतात. लडाखला जाणार असाल तर आणखी एक गोष्ट: उंचीवर हवा विरळ असते, त्यामुळे इंजिनाची ताकद घटते. तिथे थोडी जास्तीची ताकद उपयोगी पडते.

चाकं, सस्पेन्शन आणि पंक्चर

पुढचं चाक २१ इंची असेल (हिमालयन, एक्सपल्स) तर ते खड्ड्या-दगडांवरून सहज जातं. १९ इंची चाक (व्ही-स्ट्रॉम एसएक्स, एनएक्स ५००) डांबरी वळणांवर जास्त चपळ वाटतं. तुमचा ९० टक्के प्रवास डांबरावर असेल तर १९ इंची पुरे.

तारांची चाकं दणके सोसतात, पण अनेक मॉडेलमध्ये त्यांना ट्यूब असते. ट्यूबचं पंक्चर म्हणजे चाक काढणं आलं. रात्री आडरानात हे एकट्याने करणं सोपं नाही. ट्यूबलेस टायर असेल तर दोरीवाला पंक्चर किट आणि छोटा पंप घेऊन पंधरा-वीस मिनिटांत पुढे निघता येतं. ट्यूबलेस तारांच्या चाकांचा पर्याय मिळत असेल तर थोडे पैसे जास्त द्या.

सामान आणि मागे माणूस असेल तेव्हा मागच्या शॉकॲब्सॉर्बरचा प्रीलोड वाढवावा लागतो. बरेच जण तो वर्षानुवर्षं हातच लावत नाहीत आणि "बाईक मागे बसते" म्हणून तक्रार करतात. जड सामान खाली आणि मध्यभागी ठेवा. टॉपबॉक्समध्ये वीस किलो कोंबले तर पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल डुगडुगतं.

टाकी आणि गॅरेज

टाकीचे लिटर गुणिले खरं मायलेज, त्यातून पन्नास किलोमीटर वजा. हा तुमचा भरवशाचा पल्ला. हिमालयनची टाकी १७ लिटरची. मायलेज २८ धरलं तर सव्वाचारशे किलोमीटर. व्ही-स्ट्रॉमची १२ लिटरची, पण मायलेज ३५ मिळालं तर पावणेचारशेच्या आसपास. म्हणजे मोठ्या टाकीचा फायदा वाटतो तितका मोठा नाही. मनाली-लेह रस्त्यावर टांडीच्या पंपावरची 'पुढचा पंप ३६५ किलोमीटर' ही पाटी प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रात इतकं टोक कधी येत नाही.

त्यापेक्षा सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते जास्त महत्त्वाचं. क्लच केबल तुटली तर चिपळूण किंवा कणकवलीत ती मिळेल का? हिरो आणि रॉयल एन्फिल्डचं जाळं इथे कामी येतं. महागड्या बाईकचं सर्व्हिस सेंटर अनेकदा मोठ्या शहरातच असतं.

बजेट: ३५० सीसीची रेघ

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या बाईकवर १८ टक्के आणि त्यापुढच्या बाईकवर ४० टक्के जीएसटी आहे. समजा कराआधीची किंमत दोन लाख आहे. १८ टक्क्यांनी ती २ लाख ३६ हजार होते, ४० टक्क्यांनी २ लाख ८० हजार. फरक ४४ हजारांचा. त्यावर आरटीओ आणि विमा वेगळा.

या ४४ हजारांत चांगलं हेल्मेट, रायडिंग जॅकेट, ग्लोव्हज, बूट आणि सामानाच्या बॅगा बऱ्यापैकी बसतात. बाईकवर सगळे पैसे संपवून जीन्स आणि चपलेवर लडाखला निघणं हा वाईट सौदा आहे.

मग कोणती घ्यायची?

- एकट्याने, कमी बजेटमध्ये, कच्च्या वाटांवर फिरायचं असेल: एक्सपल्स
- रोज ऑफिस आणि महिन्यातून एखादी राईड: व्ही-स्ट्रॉम एसएक्स
- दोघं, सामान आणि वर्षातून एक मोठी ट्रिप: हिमालयन ४५०
- वेग आणि चपळाई आवडत असेल, हात बसलेला असेल: केटीएम ३९० ॲडव्हेंचर
- जास्तीत जास्त महामार्ग आणि बजेटचं टेन्शन नसेल: एनएक्स ५००

ही यादी फक्त सुरुवात करण्यासाठी आहे. शोरूमची दहा मिनिटांची टेस्ट राईड काहीच सांगत नाही, कारण दुखायला सुरुवातच तासाभरानंतर होते. शक्य असेल तर तीच बाईक वीकेंडला भाड्याने घ्या. दोनशे किलोमीटर चालवा, त्यात एक घाट आणि एक खराब रस्ता असू द्या. परत आल्यावर बोटं, मनगटं, मान, कंबर आणि गुडघे यांची हजेरी घ्या. कुठे दुखतंय, ते लिहून ठेवा.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर परत निघावंसं वाटलं, तर बुकिंग करायला हरकत नाही.