आगगाडी थांबवणारं गाव

प्रत्येक गावाला मिरवायला काहीतरी लागतं. कुणाकडे किल्ला असतो, कुणाकडे पेढे असतात आणि ज्यांच्याकडे काहीच नसतं ते एखाद्या थोर पुरुषाचं आजोळ शोधून काढतात. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात, सेनेका तळ्याच्या दक्षिण टोकाला वॉटकिन्स ग्लेन नावाचं गाव आहे. वस्ती दोन हजारांच्या आत. गावाजवळ धबधब्यांची सुरेख घळ आहे, जमिनीखाली मीठ आहे. एखाद्या समाधानी गावाचं एवढ्यावर सहज भागलं असतं. पण हे गाव मिरवतं तो मोटारींचा वेग!

या उपद्व्यापाचं मूळ कॅमेरॉन अर्गेटसिंगर नावाच्या विद्यार्थ्यात आहे. हा कॉर्नेल विद्यापीठात कायदा शिकत होता आणि बाळगून होता एम.जी. मोटार. गाडी घेतली की आपण ती शेजाऱ्याला दाखवतो, लिंबू-मिरची बांधतो आणि गप्प बसतो. याने मात्र गावातल्या आणि भोवतालच्या रस्त्यांवरून ६.६ मैलांचा फेरा आखला आणि व्यापारी मंडळींपुढे ठेवला. उन्हाळा संपला की पर्यटक पांगायचे आणि गल्ले रिकामे पडायचे. शर्यतीने हंगाम लांबतो हे कळताच व्यापाऱ्यांच्या अंगात एकाएकी क्रीडाप्रेम संचारलं.

२ ऑक्टोबर १९४८ रोजी शर्यत झाली. सुरुवातीची रेषा कुठे, तर भर पेठेत, फ्रँकलिन स्ट्रीटवर, कोर्टाच्या दारात! भरधाव गाडी हाकल्याबद्दल जिथे एरवी दंड व्हायचा, तिथूनच गाड्या सोडल्या. वाटेत कच्चा रस्ता, दगडी पूल आणि रेल्वेचे रूळही होते. शर्यतीसाठी त्या दिवशी आगगाड्या थांबवल्या गेल्या. फाटकापाशी अर्धा-अर्धा तास घाम पुसत उभ्या राहणाऱ्या आपल्यासारख्यांना एवढ्याच कारणासाठी हे गाव पूज्य वाटावं. फ्रँक ग्रिसवोल्ड अल्फा रोमिओ घेऊन जिंकला. बिल मिलिकेनची बुगाटी एका वळणावर उलटली, तर त्या वळणालाच त्याचं नाव पडलं. आपल्याकडे माणूस पडला तरी रस्ता नगरपालिकेच्याच नावावर राहतो.

पण गंमत इथे संपते. लोक फुटपाथवर उभे असायचे आणि मोटारी त्यांच्या अंगावरून गेल्यासारख्या जायच्या. १९५० साली सॅम कोलियर हा शर्यतपटू गेला. १९५२ साली एक गाडी गर्दीला घासून गेली, कितीतरी जण जखमी झाले आणि सात वर्षांचा एक मुलगा दगावला. तो काही शर्यतीत उतरला नव्हता, गावची मजा बघायला आला होता.

गावाने शर्यत बंद केली नाही, पण पेठेतून उचलली. १९५३ पासून ती बाहेरच्या रस्त्यांवर गेली आणि १९५६ साली तिला स्वतःचा ट्रॅक मिळाला. १९६१ ते १९८० अशी वीस वर्षं तिथे फॉर्म्युला वनची अमेरिकन ग्रां प्री झाली. १९६९ साली योखेन रिंट जिंकला, त्याला पन्नास हजार डॉलर मिळाले! मरण मात्र तिथेही सुटलं नाही. १९७३ साली फ्रान्स्वा सेव्हेर आणि १९७४ साली हेल्मुट कोइनिग या ट्रॅकवर गेले. पुढे १९८० च्या शर्यतीच्या बक्षिसाची रक्कम चुकती करणं जमेना आणि १९८१ साली दिवाळं वाजलं. आम्हा बँकवाल्यांना यात नवल नाही. शून्यं वाढत जातात तसे पैसे वाढतातच असं नाही, हे आम्ही रोज पाहतो. १९८४ साली नव्या मालकांनी ट्रॅक पुन्हा सुरू केला आणि शर्यती अजून चालू आहेत.

तरीही दर सप्टेंबरात गाव उत्सव करतं तो त्या वीस वर्षांच्या वैभवाचा नव्हे, तर पहिल्या पाच वर्षांचा. जुन्या मोटारी कोर्टापुढे रांगेत उभ्या राहतात आणि जुन्या फेऱ्यावरून शर्यत न लावता फिरतात. याचं कारण सरळ आहे. फॉर्म्युला वन जगाची होती आणि टेकडीवरच्या ट्रॅकवर चालायची. १९४८ ची शर्यत मात्र दारावरून गेली होती. कुणाच्या वडिलांनी ती दुकानाच्या पायरीवरून पाहिली, कुणाच्या आजीने खिडकीतून.

दारावरून गेलेल्या गोष्टीचं कौतुक गावाला असतंच. त्या दारातच एक मूल गेलं, म्हणून वेग गावाबाहेर नेला आणि पेठेत फक्त आठवण ठेवली, हा शहाणपणा मला शर्यतीइतकाच मिरवण्यासारखा वाटतो. फक्त त्याची मिरवणूक निघत नाही.