मूत्रपिंडाचे प्रतिमाचित्रण

मूत्रपिंडांची रचना व कार्य यांतील बिघाड शरीर न उघडता पाहण्याच्या तपासण्या. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागल्यावर खडे छायाचित्रात दिसू लागले; १९२९ मध्ये शिरेतून रंजक टोचून मूत्रमार्ग पाहण्याची पद्धत आली.

आज पहिली तपासणी सोनोग्राफीची. तीत किरणोत्सर्ग नसतो. प्रौढाचे मूत्रपिंड साधारण १० ते १२ सेंमी. लांब असते, दीर्घकालीन विकारात ते बहुधा आक्रसते, मार्ग अडल्यास फुगते. खडा पांढरा चमकतो व त्यामागे काळी सावली पडते. रंजकाविना केलेला सीटी स्कॅन खड्यांसाठी सर्वांत भरवशाचा. साध्या क्ष-किरणांना न दिसणारे यूरिक अम्लाचे खडेही त्यात सापडतात. गाठींसाठी रंजकासह सीटी किंवा एमआरआय करतात. रंजक देण्यापूर्वी रक्तातील क्रिएटिनीन पाहतात. डीटीपीए स्कॅनमध्ये प्रत्येक मूत्रपिंडाचे काम स्वतंत्रपणे मोजता येते, तर डीएमएसए स्कॅनमध्ये जंतुसंसर्गाचे व्रण दिसतात.

खड्यांसाठीच्या या तपासण्यांची गरज उष्ण भागांत अधिक भासते; उदा., बुंदेलखंडातील झाशीत उन्हाळ्यात पारा ४५° से.च्या घरात जातो. घामाने पाणी घटून लघवी दाट झाली की मुतखड्याचा धोका वाढतो. देशात इतरत्र आहे तसेच येथेही सोनोग्राफी केंद्राला, तपासणी मूत्रपिंडाची असली तरी, गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली (१९९४) नोंदणी करावी लागते.