बोलत जा, म्हणजे तो बाजूला होतो

रिक्षा आरेच्या रस्त्यावर अडकलीय आणि पुढच्या टेम्पोचा धूर थेट नाकात जातोय. उतरा. चपला हातात घ्या आणि डावीकडच्या झाडीत शिरा. भाड्याचं नंतर बघू.

दहा पावलांत हॉर्न बंद. डांबर संपून पायाखाली शेताचा बांध लागलाय, मऊ आणि कोमट. दुधाची आरे वसाहत अजून व्हायचीय. १९४९ उजाडायला काही वर्षं आहेत. तुम्ही वारल्यांच्या पाड्यावर येऊन पोचलात, तेही नेमके वाघबारशीला. हीच आपली वसुबारस. आपण गाय-वासराला ओवाळतो, इथे मान गाय खाणाऱ्याचा.

मान उन्हाने भाजतेय. कापलेल्या भाताचा गोडसर वास सगळीकडे. एका झोपडीपुढे उखळाभोवती दोघी उभ्या आहेत, मुसळं आळीपाळीने पडताहेत, एकमेकींना न लागता. तुम्हाला मोह होतो. घ्या मुसळ! दहाव्या ठोक्याला तळहात लाल, कोंडा गळ्यात, पाठीत, कानात. त्या हसतात आणि मुसळ काढून घेतात. बरं झालं.

आत चला, वाकून. भिंती कारवीच्या कुडाच्या, वरून शेणामातीचा लेप. खिडकी नाही. चुलीचा धूर डोळ्यांत चुरचुरतो, पण गारवा असा की बाहेर जायला नको वाटतं. आता तुमचे डोळे भिंतीवर काहीतरी शोधताहेत, हो ना? चादरीवर, कपावर, विमानतळाच्या भिंतीवर पाहिलेली ती पांढरी त्रिकोणी माणसं. इथे एकही नाही. घरात लग्न निघालं की सवासिणी तांदळाच्या पिठाचं पाणी करतात, बांबूची काडी चावून तिचा कुंचला करतात आणि देवचौक लिहितात. पाहुणा आला म्हणून कोणी भिंत रंगवत नाही.

म्हातारी पुढ्यात नाचणीची भाकरी टाकते, वर भाजलेली सुकट. खाडीकडचा मासा डोंगरात येऊन असा खमंग होतो! शेजारी ताडी. सकाळी गोड असते म्हणे. आता दुपार टळलीय, त्यामुळे आंबट आणि जिभेला झिणझिणवणारी. बेताने घ्या.

उन्हं उतरल्यावर सगळे वाघोबाकडे निघतात. फळीवर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, अंगभर ओला शेंदूर. नारळ फुटतो, कोंबडा फडफडतो आणि थांबतो. पट्ट्यांचा असो की ठिपक्यांचा, इथे दोन्ही वाघच. गुरं राख, पोरं राख, एवढंच मागणं. त्याला जंगलातून हाकलून दे, असं कोणी म्हणत नाही.

अंधार पडतो आणि तारपा येतो. जवळून बघा: वाळलेला दुधी भोपळा, त्यात बांबूच्या दोन नळ्या, टोकाला ताडाच्या पानांचा भोंगा, सांधे मेणाने बुजवलेले. वाजवणाऱ्याचे गाल फुगलेत ते फुगलेलेच. तो श्वास कधी घेतो ते कळत नाही. सूर कानात शिरत नाही, पोटात घुमतो. हातात हात, कमरेत हात, सगळी साखळी तारप्यामागे गोल फिरते. तो वळला की तुम्हीही वळायचं. तुमचा पाय चुकतो, शेजारचा घामट हात तुम्हाला ओढून परत रांगेत घेतो. धूळ दातांत करकरतेय. पश्चिमेकडून लांबून आगगाडीची शिट्टी येते. कोणी मानही वळवत नाही.

निघायचंय? गोरेगाव स्टेशन बरंच खाली आहे आणि खिशातला मोबाइल इथे नुसतं ओझं. एक म्हातारा शेकोटीतलं जळतं लाकूड हातात देतो. ‘‘बोलत जा, बाबा. आवाज आला की तो बाजूला होतो.’’

काय बोलणार? वाट इतकी अरुंद की दोन्ही बाजूंची कारवी दंडाला घासते. निखारा विझत चाललाय. तोंडात येतं ते रोजचंच: गोरेगाव, जोगेश्वरी, अंधेरी, पार्ले...

पार्ल्यापाशी कारवीत कोणीतरी खाकरतं.

तुम्ही आवाज चढवता: सांताक्रूझ! खार! वांद्रे!